वस्तू घेण्याआधी विचारा : ही कुणाकुणाशी बोलते?



आज बोलायचंय 'स्मार्ट' म्हणवणाऱ्या वस्तूंबद्दल. मोबाइलवरून लागणारा दिवा, तोंडी सांगितलं की फिरणारा पंखा, असल्या वस्तू. हे शहरातल्यांचं काम म्हणून रेडिओ बंद करू नका. पुण्या-मुंबईला नोकरी करणारी मुलं दिवाळीला अशी एखादी वस्तू घरी आणतात. आणि शेतातली मोटर मोबाइलवरून चालू करणारा स्टार्टर तर आपल्या कितीतरी गावांत पोचलाय. रात्रीची लाइट आली की विंचू-काट्यातून विहिरीवर जायचं वाचतं.

तर अशी वस्तू घेताना काय बघायचं?

आधी घरातला साधा बल्ब बघा. दुकानात आपण नुसता बल्ब मागतो. तुमचा होल्डर कुठल्या कंपनीचा, असं दुकानदार विचारत नाही. कारण बल्बच्या टोकाचं माप सगळ्यांनी सारखंच ठेवलंय. असं सगळ्यांनी मिळून ठरवलेलं माप, ठरवलेला नियम म्हणजे मानक. दुसरं उदाहरण 2016 मध्ये सुरू झालेल्या यूपीआयचं. तुमच्याकडे फोनपे, भाजीवाल्या मावशींकडे गूगल पे. दोघींच्या बँका निराळ्या, तरी पैसे पोचतात. कारण आतला नियम एकच आहे.

स्मार्ट वस्तूंचं मात्र पुष्कळ वर्षं तसं नव्हतं. प्रत्येक कंपनीची बोली वेगळी. एकीच्या दिव्याला एक अ‍ॅप, दुसरीच्या प्लगला दुसरं. शिवाय बऱ्याच वस्तूंत आपण बटण दाबलं की निरोप आधी कंपनीच्या दूरच्या संगणकावर जातो आणि तिथून आपल्या दिव्याकडे परत येतो. त्या दूरच्या संगणकाला सर्व्हर म्हणतात. तो बंद पडला तर?

अमेरिकेत हे घडलं. रिव्हॉल्व्ह नावाचं एक यंत्र होतं. घरातल्या सगळ्या स्मार्ट वस्तू त्यावरून चालायच्या. किंमत सुमारे 300 डॉलर. 2014 मध्ये नेस्ट या मोठ्या कंपनीने रिव्हॉल्व्ह विकत घेतली आणि मे 2016 मध्ये त्याची सेवा बंद केली. यंत्र मोडलं नव्हतं, जळलं नव्हतं, तरी निकामी झालं. एप्रिल 2022 मध्ये इन्स्टिऑन या कंपनीचे सर्व्हर असेच अचानक बंद पडले.

म्हणजे बघा, पैसे आपले, वस्तू आपल्या भिंतीवर, पण ती चालायची की नाही हे परक्याच्या हातात.

यावर उपाय म्हणून 2019 च्या डिसेंबरात अ‍ॅमेझॉन, अ‍ॅपल, गूगल आणि झिगबी अलायन्स ही कंपन्यांची संघटना एकत्र आल्या. एरवी या कंपन्या एकमेकींच्या स्पर्धक. त्यांनी एक सामाईक बोली ठरवली. तिचं नाव 'मॅटर'. ऑक्टोबर 2022 मध्ये तिची पहिली आवृत्ती आली. ती खुली आहे, म्हणजे तिचे नियम कुणालाही वाचता येतात आणि कुठलीही कंपनी त्याप्रमाणे वस्तू बनवू शकते. मॅटरचा दिवा एका कंपनीचा आणि अ‍ॅप दुसरीचं, असं चालतं. आणि निरोप घरातल्या घरात जातो. त्यामुळे बाहेरचं इंटरनेट गेलं तरी घरातून दिवा लागतो. खोक्यावर मॅटरचं चिन्ह असतं : मध्याकडे तोंड केलेले तीन बाण.

पण यातही मेख आहे. पहिल्या आवृत्तीत कॅमेरे नव्हतेच. एखादी खास सोय फक्त त्या-त्या कंपनीच्या अ‍ॅपमध्येच मिळते. आणि लाइटच गेली तर कुठलंही मानक दिवा लावत नाही!

आता आपल्या मोटरच्या स्टार्टरकडे या. त्यावर मॅटरचं चिन्ह शोधत बसू नका. पण विचारायचे प्रश्न तेच आहेत.

पहिला : हा साध्या कॉलवर किंवा मेसेजवर चालतो, की फक्त कंपनीच्या अ‍ॅपवर? कॉल आणि मेसेज हीसुद्धा सगळ्या फोनना समजणारी बोलीच आहे. बटणाच्या फोनवरूनही ती चालते. नुसतं अ‍ॅप असेल तर मोटर ज्याच्याकडे स्मार्टफोन त्याच्या ताब्यात. तो गावाला गेला की पाणी थांबलं.

दुसरा : यात किती नंबर नोंदवता येतात? एकाहून जास्त येत असतील तर एक नंबर घरच्या बाईचा घालाच. पाणी आपणच धरतो ना?

तिसरा : सिमचा रिचार्ज किती? अ‍ॅपला दरवर्षी पैसे भरावे लागतात का?

चौथा, सगळ्यात महत्त्वाचा : कंपनी उद्या बंद झाली, तर वस्तू चालेल का? आणि हाताने चालू करायचं बटण आहे ना?

उत्तरं तोंडी घेऊ नका. पावतीवर किंवा माहितीपत्रकावर दाखवा म्हणा. दुकानदार टाळाटाळ करू लागला, तर दुसरं दुकान बघा.

बचत गटातून अशा वस्तूसाठी कर्ज देताना हे चार प्रश्न बैठकीत वाचा. हप्ते आपण दोन-दोन वर्षं फेडतो. वस्तूही निदान तेवढी वर्षं आपल्या हाताखाली राहायला हवी.