बाणाची पिसे



बाणाविषयी बोलताना आपण धनुष्याचे, फाळाचे, फार तर तिरंदाजाच्या नजरेचे वर्णन करतो. मागच्या पिसांकडे सहसा कोणी पाहत नाही. जुन्या ग्रंथकारांनी मात्र पाहिले होते. १४व्या शतकातील ‘शार्ङ्गधरपद्धती’ या संस्कृत संग्रहात धनुर्वेदाचे प्रकरण आहे. त्यात हंस, क्रौंच, मोर, गिधाड, इतकेच काय, कावळ्याचीही पिसे चांगली म्हटली आहेत. पिसे सहा अंगुळे लांब असावीत, शिंगाच्या धनुष्याच्या बाणाला मात्र दहा अंगुळे; ती चार असावीत व स्नायूंच्या तंतूंनी घट्ट बांधावीत, असे तेथे सांगितले आहे. धनुष्य बदलले की पिसाचे मापही बदलावे, ही जाण त्या काळी होती. या मापामागचे कारण आज पाहू.

बोटांनी सोडलेली प्रत्यंचा सरळ पुढे जात नाही. बोटांवरून निसटताना ती किंचित बाजूला सरकते. त्यामुळे बाणाचा दांडा वाकतो आणि धनुष्यापासून सुटल्यावरही मासा पोहावा तसा वळवळत जातो. त्याचे शेपूट मार्गाबाहेर गेले की समोरची हवा पिसांच्या सपाट अंगावर तिरकी आदळते आणि शेपटाला जागेवर आणते. त्यासाठी बाणाचा गुरुत्वमध्य फाळाच्या बाजूला हवा आणि हवेचा जोर जेथे एकवटतो ती जागा त्याच्या बरीच मागे हवी. दोहोंमधील अंतर तरफेचे काम करते. म्हणून पिसे शक्य तितकी मागे लावतात. फक्त प्रत्यंचा ओढणाऱ्या बोटांना ती लागू नयेत.

पिसे जराशी तिरकी लावली तर बाण स्वतःभोवती फिरतो. हे बंदुकीच्या गोळीसारखेच, असे पुष्कळांना वाटते. ते बरोबर नाही. गोळीला तिची गिरकीच स्थिर ठेवते. बाणाची गिरकी त्या मानाने फार मंद. तिचा उपयोग इतकाच, की दांड्यातला बारीकसा वाकडेपणा एकाच दिशेला साचत नाही. मात्र एका बाणाची सर्व पिसे पक्ष्याच्या एकाच बाजूच्या पंखाची हवीत. डाव्या व उजव्या पंखांतील पिसांचा बाक परस्परविरुद्ध असतो; ती मिसळली तर एक पीस बाणाला फिरवते आणि दुसरे अडवते.

मग पिसे भरपूर मोठीच का लावू नयेत? फ्लू-फ्लू नावाच्या बाणाला ती मुद्दाम तशी लावतात. वर उडालेल्या लक्ष्यावर तो सोडला की थोड्याच अंतरात त्याचा वेग ओसरतो आणि तो जवळपास पडून सापडतो. जे तेथे सोयीचे, तेच स्पर्धेत घातक. ऑलिंपिकमध्ये लक्ष्य ७० मीटरवर असते; त्याचा व्यास १२२ सेंटिमीटर आणि दहा गुणांचे वर्तुळ अवघे १२.२ सेंटिमीटर. बाण हवेत जितका वेग गमावतो, तितका आडवा वारा त्याला दूर नेतो. म्हणून मैदानावर पातळ प्लास्टिकची लहान, वळलेली पाती दिसतात. बंदिस्त सभागृहात, १८ मीटरवर, वारा नसल्यामुळे मोठी पिसे चालतात.

मोठ्या पिसांचा आणखी एक तोटा मला अधिक गंभीर वाटतो. ती दांड्याचे दोष झाकतात. यावर जाणते तिरंदाज एक साधी परीक्षा घेतात : पिसे लावलेल्या चार-पाच बाणांबरोबर तसाच एक बिनपिसांचा बाण सोडतात. उजव्या हाताने ओढणाऱ्याचा हा उघडा बाण इतरांच्या डावीकडे लागला, तर दांडा बहुधा फार ताठ आहे; उजवीकडे लागला, तर फार लवचीक. आधी दांडा जुळवावा, पिसांचे माप मग ठरवावे.