बदकांच्या पिलांतील विषाणुजन्य यकृतदाह



मुंबई उपनगर जिल्ह्यात एकही ग्रामपंचायत नाही. तेव्हा येथे बदकपालनावर बोलणे काहींना विचित्र वाटेल. परंतु गोराई, मनोरी, मढ आणि खाडीपलीकडे वसई येथे अंगणात बदके पाळण्याची रीत जुनी आहे. ईस्ट इंडियन कुटुंबांत नाताळच्या जेवणात बदकाच्या मोइलला मान असतो. त्यासाठी पिले विकत आणली जातात, आणि हा रोग नेमका पिलांचाच आहे.

1949 साली अमेरिकेतील लाँग आयलंड येथे पेकिन बदकांच्या पिलांत तो लक्षात आला. लेव्हिन व फॅब्रिकंट या संशोधकांनी त्याचा विषाणू कोंबडीच्या अंड्यातील गर्भात वेगळा केला. पहिल्या आठवड्यातील पिलांपैकी शेकडा 95 पर्यंत दगावू शकतात; तीन आठवड्यांपर्यंतच्या पिलांत हे प्रमाण निम्म्यावर येते, आणि पुढे मृत्यू क्वचितच होतात. पिल्लू कळपामागे रेंगाळते, डोळे अर्धवट मिटून बसते, मग आडवे पडून पाय झाडते. मान पाठीकडे ताणलेल्या स्थितीत तासाभरात ते मरते. आत पाहिल्यास यकृत सुजलेले व त्यावर रक्ताचे ठिपके दिसतात. इतक्या झटपट मृत्यूमुळे शेजाऱ्याने विष घातले असा संशय येतो आणि भलतेच भांडण उभे राहते!

मोठ्या बदकांना संसर्ग होतो, पण ती आजारी दिसत नाहीत व अंडीही देत राहतात. म्हणून त्यांच्या ठणठणीत प्रकृतीवर विसंबू नये. प्रतिजैविके विषाणूवर चालत नाहीत. विषाणू अंड्यातून पिलात उतरत नाही. उलट लस टोचलेल्या मादीची प्रतिकारशक्ती बलकातून पिलाला मिळते. बदकांच्या प्लेगचा विषाणू निराळा आहे. तो सर्व वयांच्या बदकांना ग्रासतो आणि त्याची लस या रोगावर उपयोगी नाही.

तेव्हा खरा उपाय विलगीकरणाचा. पहिले पाच आठवडे पिलांची जागा, भांडी व त्यांच्याकडे जाताना घालावयाच्या वहाणा वेगळ्या ठेवाव्यात. त्यांना तळ्यात वा खाडीत सोडू नये. ओलसर विष्ठेत हा विषाणू महिन्याहून अधिक काळ टिकतो.

मेलेली पिले नाल्यात फेकण्याची सवय मात्र घातक आहे. ताजे मृत पिल्लू पिशवीत बांधून, बर्फावर ठेवून पशुवैद्यकाकडे न्यावे. बाकीची खोल खड्ड्यात चुना टाकून पुरावीत. 2006 साली नवापूर येथे बर्ड फ्लू आढळला, हे आपणांस स्मरत असेल. बदकांतील एकाएकी मृत्यू यकृतदाहाचे की त्या रोगाचे, हे प्रयोगशाळेतच ठरते. पुण्यातील औंध येथे राज्याची रोग अन्वेषण प्रयोगशाळा आहे.

2009 च्या प्राण्यांतील संसर्गजन्य रोगविषयक केंद्रीय कायद्याच्या अनुसूचीत या यकृतदाहाचा समावेश आहे. त्यानुसार रोगाची शंका येताच मालकाने ग्राम अधिकारी किंवा पंचायतीस कळवावयाचे आणि तेथून पशुवैद्यकास लेखी सूचना जावयाची. वसईकडील सदस्यांनी ही नोंद त्याच दिवशी पाठवावी. उपनगरातील रहिवाशांनी थेट जवळच्या पशुवैद्यकीय दवाखान्यात जावे.