सरहद्दीपलीकडचा आवाज

श्रोतेहो, पोर्तुगीज अमलात वाढलेली गोव्याची मुले आज पंचाहत्तरीच्या पुढे गेली. त्यांतली काही आपल्या अंधेरी-बोरिवलीत राहतात. मी त्यांतलाच एक.

तेव्हा नाक्यानाक्यावर पोर्तुगीज शिपाई असत. त्यांच्याविरुद्ध आझाद गोमंतक दलाच्या तरुणांनी शस्त्र उचलले होते. १५ ऑगस्ट १९५५ रोजी निःशस्त्र सत्याग्रहींवर गोळ्या झाडल्या गेल्या. मग सरहद्द बंद झाली आणि मुंबईला कामाला असलेल्या बाप्यांचे पैसे घरी यायचे थांबले.

त्याच वर्षी २५ नोव्हेंबरला वामन सरदेसाई आणि लिबिया लोबो यांनी सरहद्दीपलीकडच्या रानातून गुप्त रेडिओ सुरू केला. कोकणी आणि पोर्तुगीज, दोन्ही भाषांत तो बोले. घरातली मोठी माणसे दार लावून, आवाज अगदी बारीक करून ऐकत. आम्हा पोरांना एकच ताकीद असे: “ऐकलंस ते उंबऱ्याच्या आत!” मुलाच्या एका शब्दापायी बाप तुरुंगात जाईल, ही भीती खरी होती.

१९ डिसेंबर १९६१ रोजी गोवा मुक्त झाला. जीभ मात्र लगेच सैल झाली नाही.

गुरुजनहो, अशा एखाद्या आजीला वर्गात बोलवा. ती मध्येच थांबली, तर घाई करू नका. मुलांनाही थांबू द्या.