पावसाच्या थेंबातलं घड्याळ

मला नेहमी विचारतात, "तुम्ही शिकलात अणुभौतिकी आणि शोधता हवामानशास्त्राचा इतिहास. यांचा संबंध काय?" आज भिवपुरीत बोलतोय, तर इथल्या पावसापासूनच सांगतो.

समुद्रावरून आलेले ढग घाटावर बरसतात, ठोकरवाडीच्या धरणात पाणी साठतं आणि त्याच पाण्यावर १९२२पासून इथलं टाटांचं पॉवरहाऊस चालतं. त्या पावसाच्या थेंबात अगदी किंचित बेरिलियम-७ असतं. अवकाशातून येणारे वैश्विक किरण हवेतल्या नायट्रोजन-ऑक्सिजनच्या अणुकेंद्रांवर आदळतात, केंद्रं फुटतात आणि ते तयार होतं. दर ५३ दिवसांनी ते निम्मं होतं. म्हणजे घड्याळच ना!

हे घड्याळ वाचणाऱ्या सुरुवातीच्या लोकांत मुंबईची टाटा मूलभूत संशोधन संस्था होती. अमेरिकेत साम्यवादी असल्याच्या संशयामुळे अडचणीत आलेले बर्नार्ड पीटर्स १९५०च्या सुमारास इथे आले. देवेंद्र लाल त्यांचे विद्यार्थी. लाल, रामा, गोयल आणि सहकाऱ्यांचा पावसातल्या बेरिलियमवरचा निबंध १९५६ साली आला. कुठे? हवामानाच्या नियतकालिकात नाही, तर 'न्यूक्लिअर फिजिक्स'मध्ये! म्हणून हवामानशास्त्राचा इतिहास फक्त वेधशाळांच्या दप्तरात शोधला, तर अर्धा हातातून निसटतो.

पुढे रामांनी मान्सूनच्या हवेचा माग काढायला रेडॉन वापरला. तो निबंध १९७०चा. रेडॉन जमिनीतून निघतो, समुद्रातून जवळपास नाहीच, आणि ३.८ दिवसांत निम्मा होतो. म्हणजे हवेत रेडॉन कमी, तर ती बरेच दिवस समुद्रावरच होती. त्या काळी वाद चालला होता: आपल्या पावसाची वाफ अरबी समुद्राची, की विषुववृत्तापलीकडची? १९६५ साली पी. आर. पिशारोटींनी अरबी समुद्राच्या बाजूनं मांडणी केली होती. आता नीट बघा. हवा कुठून आली हे रेडॉन सांगतो. तिनं पाणी कुठे उचललं, हे नाही सांगत. दोन्ही प्रश्न वेगळे, म्हणून दोन्ही मोजमापं लागतात.

समुद्र तापतोय, पाऊस बदलतोय, तेव्हा तुलनेला जुने आकडे हवेतच. पण १९६०ची हवा आज परत मोजता येत नाही. तेव्हाची वही रद्दीत गेली की ती हवाही गेली. तुमच्या घरात, शाळेत, शेतावर पावसाच्या जुन्या नोंदी असतील, तर त्या जपून ठेवा.