मस आणि मेलॅनोमा : खोलवर पाहण्याची गरज



मी डॉक्टर नाही, बँकेतला कारकून आहे. वाचून आणि जाणकारांना विचारून जे समजले, तेवढेच मांडतो.

आपल्याकडे अंगावरचा मस घोड्याच्या केसाने बांधतात, चुना-सोडा लावून जाळतात. मस गेला, विषय संपला! परंतु तो साधा मस होता की मेलॅनोमा नावाचा त्वचेचा कर्करोग, हे तपासायला मग काहीच उरत नाही.

मेलॅनोमाचा एक प्रकार तर हुबेहूब मसाचे सोंग घेतो. त्याला नेव्हॉइड मेलॅनोमा म्हणतात. १९८५ साली श्मेकेल व सहकाऱ्यांनी त्याचा अभ्यास प्रसिद्ध केला. सूक्ष्मदर्शकाच्या लहान भिंगातून तो मसच वाटतो. दोन्ही बाजू सारख्या, कडा रेखीव. भेद कळतो तो मोठ्या भिंगातून तळापर्यंत पाहिल्यावर. साध्या मसातील पेशी खोल जाताना लहान आणि विरळ होत जातात; तळाशी विभागणाऱ्या पेशी सहसा सापडत नाहीत. नेव्हॉइड मेलॅनोमात तळाच्या पेशीही मोठ्या, दाटीवाटीच्या राहतात आणि तिथेही विभागताना दिसतात. शंका उरली तर एचएमबी-४५, केआय-६७ यांसारख्या विशेष चाचण्या करतात. पण एकाच खुणेवर निकाल देता येत नाही, सर्वांचा मेळ घालावा लागतो.

उलटही घडते. १९४८ साली अमेरिकेच्या डॉ. सोफी स्पिट्झ यांनी मुलांमधील मेलॅनोमा म्हणून ज्या गाठींचे वर्णन केले, तशा गाठी बहुधा निरुपद्रवी असतात, हे पुढे स्पष्ट झाले. आज त्यांना स्पिट्झ नेव्हस म्हणतात.

सहीचे पहिले अक्षर जुळले म्हणून आम्ही चेक वटवत नाही, पूर्ण सही पाहतो. इथेही तसेच आहे. वरवर खरवडलेल्या तुकड्यात तळच नसेल, तर पॅथॉलॉजिस्ट तरी काय पाहणार? म्हणून मस वाढू लागला, रंग-आकार बदलला, रक्त आले, किंवा तळपायावर वा नखाखाली नवा काळा डाग दिसला, तर त्वचारोगतज्ज्ञांना दाखवा. त्यांनी मस काढायचे ठरवले, तर शक्यतो तो पूर्ण काढून तपासणीला पाठवण्याचा आग्रह धरा आणि अहवाल जपून ठेवा.

ऐकीव गोष्टींवर विसंबू नका, पारखून घ्या, असे तथागतांनी कालामांना सांगितले. शरीराच्या बाबतीतही आपण तेच करू या.

नमो बुद्धाय! जयभीम!