मधली भिंत

कवीने शांततेविषयी बोलावे अशी अपेक्षा असते. मी आज भिंतीविषयी बोलणार आहे.

आमच्या अम्मीला कमी ऐकू येते, त्यामुळे टीव्ही मोठ्याने लागतो. मधल्या साडेचार इंची भिंतीपलीकडे रात्रपाळी करून आलेला मुलगा दिवसा झोपतो. अम्मीला 'आवाज कमी कर' म्हणणे म्हणजे 'तू ऐकू नकोस' म्हणणेच झाले. आणि अर्धवट झोपेने मुलाने यंत्रापुढे उभे राहणे धोक्याचे. तेव्हा उपाय भिंतीवरच करायचा होता.

पहिला सल्ला मिळतो तो अंड्यांचे ट्रे किंवा फोम चिकटवण्याचा. त्याने खोलीतला घुमारा कमी होतो. पलीकडे जाणारा आवाज जवळपास तेवढाच राहतो. आवाज अडवायला वजन लागते, आणि त्याआधी फटी बुजवाव्या लागतात. १०० चौरस फुटांच्या भिंतीत १ चौरस फूट जागा उघडी असेल, तर बाकीची भिंत किल्ल्याची असली तरी अडवणूक २० डेसिबलच्या आसपासच थांबते. रात्री एका खोलीत दिवा लावा आणि अंधाऱ्या खोलीतून पाहा. दाराखाली, वायरच्या भोकांत उजेड दिसेल. भोकांत सिलंट भरा, दाराला रबराची पट्टी लावा. पाठीला पाठ लावून बसवलेले स्विचबोर्ड असतील तर वायरमनकडून एक हलवून घ्या. भिंतीला टांगलेला टीव्ही उतरवून टेबलावर ठेवा. हे सगळे तसे स्वस्तातले.

एवढ्याने भागले नाही तर जुन्या भिंतीपुढे नवी पातळ भिंत. तिचा सांगाडा जुन्या भिंतीला टेकता कामा नये. बोटभर अंतर हवे. वर-खाली रबर, पोटात २ इंच रॉकवूल, त्यावर जिप्सम बोर्डाचे दोन थर, सांधे एकावर एक येणार नाहीत असे. सुतार हमखास म्हणेल, "साहेब, मधे दोन स्क्रू मारतो, हलणार नाही." मारू देऊ नका. त्याच स्क्रूंवरून आवाज चालत येतो.

१० डेसिबल कमी झाले की कानाला आवाज निम्मा वाटतो. पूर्ण शांतता मिळत नाही, कारण स्लॅब आणि फरशीतूनही तो पोचतो. आमच्याकडे आता मालिकेतले शब्द कळत नाहीत, नुसती गुणगुण येते. तेवढ्यात मुलगा झोपतो. नवी भिंत कोणाच्या बाजूने घालायची यावर मात्र दोन दिवस वाद झाला, कारण खोली ४ इंचांनी लहान होते. अम्मी म्हणाली, "माझं कपाट हलणार नाही." ते ४ इंच मुलाच्या खोलीतून गेले.