लोबान : नाव, झाड आणि धूर

(युवा शिबिरातील भाषणाचा संपादित भाग)



मी सॉफ्टवेअर इंजिनिअर आहे, अत्तरवाला नाही. तरी आज लोबानावर बोलणार आहे. कारण आमच्या घरात त्यावरून भांडण झालं.

बहिणीचं बाळ दोन महिन्यांचं होतं. न्हाऊ घातल्यावर दादीनं रिवाजाप्रमाणे त्याला लोबानाची धुरी दिली. बाळ खोकून खोकून लाल झालं. बहीण म्हणाली, "हे जुनाट प्रकार बंद करा." दादी म्हणाली, "तुम्हा सगळ्यांना अशीच धुरी देऊन वाढवलंय." दोघींनी माझ्याकडे पाहिलं. मी आधी पुडी उघडून पाहिली. खडे निखाऱ्यावर टाकले तर काळा धूर आणि वार्निशसारखा वास. त्यात राळच जास्त असावी. स्वस्त लोबानात ती मिसळतात.

मग मी वाचायला बसलो. जुमेरातीला दुकानोदुकानी फकीरबाबा फिरवतात, तो लोबान आपल्याला 'आपला' वाटतो. पण या एका नावाखाली वेगवेगळ्या झाडांचे डिंक विकले जातात. ओमानच्या धोफारमधला लुबान म्हणजे बोसवेलिया झाडाचा. सालीला छोटी चीर देतात, चिकाचे थेंब वाळले की खरवडून घेतात. तिथे तो जाळतातच, शिवाय चघळतात आणि पाण्यात भिजवून ते पाणी पितातही. याच झाडाची बहीण आपल्या सातपुड्यात आहे, सालई.

दुसरा लोबान सुमात्राचा, स्टायरॅक्स झाडाचा. त्याचा वास व्हॅनिलासारखा गोड, म्हणून तो अत्तरात आणि खाद्यपदार्थांच्या सुगंधात वापरतात. अरब व्यापारी त्याला 'लुबान जावी', म्हणजे जावाचा लोबान म्हणायचे. युरोपीय भाषांत जाताना त्यातला 'लु' गळाला, उरलं ते 'बेंझॉइन'. त्यातून मिळालेलं आम्ल ते बेंझॉइक. जर्मन शास्त्रज्ञ मित्शरलिख यांनी 1833 मध्ये ते आम्ल चुन्याबरोबर तापवून एक द्रव मिळवला. त्याच्या नावातूनच पुढे 'बेंझिन' रूढ झालं. बारावीच्या रसायनशास्त्रात आपण ज्याचे षटकोन काढले, तेच. सरबताच्या बाटलीवरचं सोडियम बेंझोएटही याच घराण्यातलं नाव. आता ते कारखान्यात पेट्रोलियमपासून बनतं, पण नावात लोबान शिल्लक आहे.

लोबान एकट्या कुणाचा नाही. दर्ग्यात जळतो, देवळाच्या धुपात असतो, चर्चच्या धूपपात्रातही असतो. पण झाडाचं काय? इथिओपिया आणि आसपासच्या देशांतल्या बोसवेलियावर 2019 मध्ये एक अभ्यास प्रसिद्ध झाला. बहुतेक जंगलांत कोवळी झाडंच सापडली नाहीत. गुरं चरतात, वणवे लागतात, चिरा जास्त पडतात. असंच चाललं तर वीस वर्षांत उत्पादन निम्म्यावर येईल, असा त्यांचा अंदाज आहे. आपल्याकडच्या गुग्गुळाची गत याहून वाईट. तो अतिसंकटग्रस्त वनस्पतींच्या यादीत आहे. खोल चीर दिली की चीक जास्त निघतो आणि झुडूप मरतं. चीर देणारा माणूस बहुधा गरीब असतो, आणि मोठा नफा त्याच्या हाती राहत नाही.

आता भांडणाचा निकाल. पुडी भेसळीची निघाली म्हणून शुद्ध लोबान आणला की प्रश्न सुटला, असं नाही. शुद्ध लोबानाच्या धुरातही बारीक कण असतातच आणि दोन महिन्यांच्या फुप्फुसाला शुद्ध-अशुद्ध कळत नाही. बहिणीचं तेवढं बरोबर. पण 'जुनाट' म्हणून तिनं जे फेकायला काढलं, त्यात समुद्रापलीकडचा व्यापार आहे, रसायनशास्त्र आहे, दादीची मायाही आहे. आम्ही ठरवलं : बाळाला धुरी नाही. बाळ आतल्या खोलीत आणि दार बंद असताना, बाहेर खिडक्या उघड्या ठेवून एकच खडा. दादीनं अजून पूर्ण मान्य केलेलं नाही. पण परवा तिनंच दुकानदाराला विचारलं, "हा कुठल्या झाडाचा?" त्याला सांगता आलं नाही. दादी पुडी न घेताच परतली.

तुम्हीही विचारून पाहा.